डेपेश मोडचा पहिला अल्बम: हाच का तो बँड?

मोगरा_२३

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण नीट उत्तर हवंय म्हणून सगळं सांगते.

डेपेश मोड मला दोन वर्षांपूर्वी कळला. हॉस्टेलवर माझी रूममेट रात्री अभ्यासाला बसली की 'व्हायोलेटर' लावायची. १९९० चा अल्बम, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण मनात बसला तो बसलाच. तो जड, अंधारलेला आवाज, डेव्ह गानचा खर्जातला गळा, मध्येच येणारी गिटार. मग पुढचं-मागचं मिळेल ते ऐकत सुटले. मागे जाता जाता १९८६ च्या 'ब्लॅक सेलिब्रेशन'पर्यंत पोचले होते.

गेल्या रविवारी पुण्यात जुन्या तबकड्यांच्या दुकानात 'स्पीक अँड स्पेल' हाती लागली. १९८१, पहिला अल्बम. मुखपृष्ठावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला राजहंस. महिन्याचा खाऊचा खर्च बाजूला ठेवून घेतली. नुकताच एक स्वस्तातला रेकॉर्ड प्लेअरही घेतला होता, त्यावर लावली आणि चक्रावलेच. सगळं टुणटुण, उड्या मारणारं, हसरं. गळा अगदी पोरगेलासा. मिसरूडही न फुटलेला मुलगा गातोय असं वाटलं. मी सुई उचलून लेबल पुन्हा वाचलं.

तर प्रश्न असे. हाच का तो बँड? आणि दुसरं, माझ्या मैत्रिणीच्या बाबांकडे याच अल्बमची इंग्लंडहून आणलेली तबकडी आहे. तिच्यावर 'आय समटाइम्स विश आय वॉज डेड' नावाचं गाणं आहे, माझ्यावर ते नाहीच. उलट माझ्यावर 'ड्रीमिंग ऑफ मी' आहे, ते त्यांच्याकडे नाही. मला नकली माल मिळाला का? आणि हा अल्बम ऐकावा कसा, हे कुणी सांगेल का? मला तो आवडायला हवाय, पण जमत नाहीये.

काळी_चार

मोगरा, आधी तबकडीचं सांगतो. नकली नाही. लेबलवर 'सायर' असं नाव दिसतं का पाहा. ती अमेरिकन आवृत्ती. इंग्लंडमध्ये हा अल्बम 'म्यूट'ने काढला, अमेरिकेत 'सायर'ने, आणि त्यांनी गाणी थोडी बदलली. 'ड्रीमिंग ऑफ मी' ही बँडची अगदी पहिली सिंगल, म्हणजे अल्बमशिवाय सुटी काढलेली तबकडी, फेब्रुवारी १९८१ ची. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ती ५७ व्या क्रमांकापर्यंतच गेली आणि तिथल्या अल्बमवर घेतली गेली नाही. अमेरिकनांनी तिला आत घेतलं आणि तुमच्या मैत्रिणीकडचं ते गाणं बाहेर काढलं. शेवटचं 'जस्ट कान्ट गेट इनफ'ही तुमच्याकडे लांबवलेलं असेल. इंग्लंडच्या तबकडीवर ते आटोपशीर आहे.

आता हाच का तो बँड. माणसं मोजली तर चारातली तीन तीच: डेव्ह गान, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर. चौथा विन्स क्लार्क. अल्बमवर ११ गाणी, त्यातली ९ विन्सची. मार्टिनची फक्त दोन, 'तोरा! तोरा! तोरा!' आणि 'बिग मफ', त्यातही दुसऱ्याला शब्दच नाहीत. अल्बम १९८१ मध्ये आला, ब्रिटनमध्ये १० व्या क्रमांकापर्यंत चढला, आणि वर्ष संपायच्या आत विन्सने बँड सोडला. पुढची बहुतेक सगळी गाणी मार्टिनकडे आली. तुम्ही ज्याच्या प्रेमात पडलात तो मार्टिनचा डेपेश मोड. हा विन्सचा.

पण तुम्ही विचारलंय की ऐकावा कसा. त्याचं उत्तर मला माझ्या घरात सापडलं, म्हणून तेच सांगतो.

१९८६ साली मी डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर होतो. गणपती, नवरात्र, लग्नं, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे दोन वाद्यं होती. एक मोठं पॉली, म्हणजे एका वेळी अनेक सूर वाजवणारं, त्याला आमचे सीनियर हात लावू द्यायचे नाहीत. दुसरा एक जुना जपानी मोनो सिंथ, तो माझ्याकडे. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर सूर घडवणारा कीबोर्ड. मोनो म्हणजे एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबा, एकच बोलणार. बासरीसारखं. मला वाटायचं, आपल्याला दुय्यम काम दिलंय. गाण्यातले पीस वाजवायचे, बाकी वेळ हाताची घडी.

आमच्या वाडीतला एक मुलगा बोटीवर होता. त्याने कॅसेटी आणल्या, त्यात ही होती. मी घरी बसून 'जस्ट कान्ट गेट इनफ' उतरवायला घेतलं. पेटीवर कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, धरून वाजवतोय, आणि ते गाणं काही केल्या त्या गाण्यासारखं वाजेना. सूर बरोबर, पण अंग जड. ओलं पांघरूण घातल्यासारखं. तास-दीड तास झटलो. धाकटी बहीण चौदा वर्षांची होती, क्लासला जायची. ती कंटाळून म्हणाली, तू सरक, मी फक्त वरची ओळ वाजवते, तू खालची वाजव. तिने पेटी घेतली, मी सिंथ घेतला, आणि एकेकाने एकेकच सूर धरला. आणि गाणं उभं राहिलं! मधली एक ओळ उरली होती, ती शेजारच्या मुलाच्या मेलोडिकावर, त्या फुंकून वाजवायच्या छोट्या पेटीवर, बसवली. माझे वडील भजनी मंडळात पेटीला बसायचे. ते आतल्या खोलीतून बाहेर येऊन ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "यात कुणी कुणावर चढत नाही."

मला तेव्हा माहीत नव्हतं, पण या पोरांकडेही मोनोच होते. विन्सकडे कावाईचा, मार्टिनकडे यामाहाचा सीएस-५, फ्लेचरकडे मूग प्रॉडिजी. तिघांचेही एकसुरी. कार्यक्रमात त्यांना कॉर्ड दाबायची म्हटलं तरी दाबता आली नसती. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जी ओळ येईल, ती स्वतःच गुणगुणता येईल अशी असावी लागायची. कॉर्ड कुणीच वाजवत नाही. तीन ओळी एकमेकींना छेदून जातात आणि कॉर्ड तुमच्या कानात तयार होते. तुम्हाला जे टुणटुण वाटलं ते यामुळे. सुरांच्या मध्ये मोकळी जागा आहे, आणि 'व्हायोलेटर'मध्ये तीच जागा भरलेली आहे.

स्टुडिओत डॅनियल मिलरची वाद्यं आली. हा म्यूटचा मालक, आणि बँडच्या जोडीने अल्बमचा निर्माता. त्याचा एआरपी २६०० आणि त्याला जोडलेला १६ पायऱ्यांचा सिक्वेन्सर. सिक्वेन्सर म्हणजे काय तर १६ सूर ओळीने पुन्हा पुन्हा वाजवणारी पेटी, पण प्रत्येक पायरीचा सूर वेगळी खुंटी सरकवून हाताने मिळवायचा. सतारीच्या तरफा मिळवतात तसं. एक खुंटी केसभर हलली की अख्खी ओळ बेसूर. 'न्यू लाइफ'मध्ये खाली जी धावणारी ओळ आहे ती ऐकताना हे मनात ठेवा.

तालाचे बरेचसे आवाजही सिंथवरच घडवलेले आहेत. मी आता कीबोर्ड दुरुस्त करतो. गेल्या वर्षी एक जुना सिंथ टेबलावर आला होता, तेव्हा भाच्याला करून दाखवलं. रेडिओला स्टेशन लागत नाही तेव्हा येते ती खरखर घ्यायची. ती सगळी येऊ द्यायची नाही, झटकन सुरू होऊन झटकन विझेल अशी कापायची. इतकी छोटी, की 'ट्स' म्हणेपर्यंत संपली पाहिजे. झाला स्नेअर, ड्रमसेटमधला तो कडक आवाजाचा ड्रम. मग एक जाड खालचा सूर घ्यायचा आणि त्याला क्षणात वरून खाली घसरवायचं. झाला ढोल. भाचा म्हणाला, मामा, फोनमध्ये हे तयार मिळतं. मिळतं ना. पण यांनी बरेचसे ठोके असे बसून घडवले. म्हणून त्यात ताल आणि सूर वेगवेगळे वाटत नाहीत.

ऐकायचा क्रम विचाराल तर पहिल्यांदा 'फोटोग्राफिक' लावा. रात्री, दिवे मालवून. विन्सचंच गाणं आहे, पण तुमचा तो अंधारलेला डेपेश मोड त्यात आधीच उभा आहे. त्याचं आणखी आधीचं, खरबरीत रूप १९८१ च्याच सुरुवातीला 'सम बिझार' या कंपनीच्या संकलनावर आलं होतं, सॉफ्ट सेल आणि ब्लँकमान्ज या बँडांच्या शेजारी. मग 'पपेट्स'. मग 'एनी सेकंड नाउ', ज्यात डेव्ह नाही, मार्टिन गातो. बँडच्या अल्बमवर त्याने मुख्य गळा दिल्याची ही पहिलीच वेळ. 'व्हायोलेटर'वर जो हळवा आवाज मधूनच येतो ना, तो इथे वीस वर्षांचा आहे.

डेव्ह एकोणीसचा. आवाज सरळ, कुठेही कंप नाही, गाताना अजून काही सोसलेलं नाही. मला तो कोवळेपणा फार आवडतो. तो नंतर पुन्हा कधी मिळाला नाही, मिळणारही नव्हता.

थेम्सकाठ

काळी चार दादा, किती छान लिहिलंत. बहिणीचा किस्सा मी नवऱ्याला वाचून दाखवला.

मी एसेक्समध्ये राहते, अकरा वर्षं झाली. रोज फेनचर्च स्ट्रीटहून सुटणाऱ्या गाडीने घरी येते आणि ती गाडी बॅसिल्डनवरून जाते. बँडची मुलं तिथली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या पूर्व भागातल्या लोकांना राहायला जागा हवी म्हणून १९४९ मध्ये सरकारने हे नवं गाव आखलं. जुनी पेठ नाही, बहुतेक सगळं एकदम उभं केलेलं. आपल्या सिडकोच्या वसाहतींत वाढलेल्यांना ते गाव लगेच कळेल. मी नवी मुंबईतल्या वाशीची, मला कळलं. गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन १९७४ मध्ये मिळालं, म्हणजे ही पोरं शाळेत असताना.

मार्टिन बँकेत नोकरीला होता, फ्लेचर विमा कंपनीत. 'न्यू लाइफ' हे ११ व्या क्रमांकापर्यंत पोचलेलं गाणं. त्यासाठी त्यांना टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'ला बोलावणं आलं, तेव्हा ते सिंथ हातात घेऊन ट्रेनने गेले होते. मोटार नाही, हमाल नाही. मी त्या गाडीत संध्याकाळी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसते तेव्हा हे मला हटकून आठवतं. मूग प्रॉडिजी मी एका दुकानात उचलून पाहिलाय. हातात धरून जिने चढायला सोपा नाही, पण चढता येतो. गिटार, ड्रम, अॅम्प्लिफायर असं सगळं सामान असतं तर ट्रेनने जाणं जमलंच नसतं. हे वाद्य परवडणारं होतं, नेता येणारं होतं, आणि शिकायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

रेकॉर्डिंग झालं ब्लॅकविंग स्टुडिओत. लंडनच्या साउथवर्कमधलं एक चर्च, पूजा-प्रार्थना बंद झालेलं, तिथे एरिक रॅडक्लिफ नावाच्या साउंड इंजिनीअरचा हा स्टुडिओ होता. डॅनियल मिलरने बँडला पहिल्यांदा मनापासून ऐकलं ते पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनच्या 'ब्रिज हाउस' या पबमध्ये. तिथे ते फॅड गॅजेट या गायकाच्या आधी वाजवत होते. त्याने कागदावर करार केला नाही. हात मिळवला, नफा निम्मा-निम्मा ठरला, आणि त्या शब्दावर ते कित्येक वर्षं राहिले. मोठ्या कंपन्या पैसे घेऊन मागे लागल्या असताना या विशीतल्या पोरांनी एका माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला, याचं मला आजही भरून येतं.

मोगरा, तुला एक सुचवू? हा अल्बम झाला की लगेच याझूचा 'अपस्टेअर्स अॅट एरिक्स' ऐक, १९८२ चा. विन्सने बँड सोडल्यावर बॅसिल्डनच्याच अॅलिसन मोयेटबरोबर काढलेला. नावातला एरिक म्हणजे हाच तो रॅडक्लिफ. तिचा गळा भरदार, ब्लूज गाणारा, आणि खाली विन्सच्या त्याच एकसुरी ओळी. 'ओन्ली यू' ऐक. चार-पाच बारीक ओळी आणि त्यावर तो आवाज. इतक्या कमी सामानात इतकं दुःख मावतं हे मला त्या गाण्याने शिकवलं. ब्रिटनमध्ये गाणं आणि अल्बम, दोन्ही २ ऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते.

शब्दवेल्हाळ

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. वाद्यांची कारागिरी मान्य. पण गाण्यात शब्द असतात की नाही? 'व्हॉट्स युअर नेम' किंवा 'बॉइज से गो' यांतले शब्द चालीत बसतात म्हणून घातलेले आहेत, त्यांना सांगायचं काहीच नाही. मी मराठी भावगीतांवर वाढलो, मला ओळ हवी. मार्टिन गोर पुढे अपराध, भक्ती, वासना, श्रद्धा यांवर लिहू लागला तेव्हा हा बँड माझ्यासाठी सुरू झाला. मोगराला पहिल्या ऐकण्यात जे खटकलं ते तिच्या कानाने बरोबर पकडलंय असं मला वाटतं. आवडायलाच हवं अशी सक्ती करून घेऊ नये.

काळी_चार

शब्दवेल्हाळ, 'व्हॉट्स युअर नेम'च्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ते गाणं मीही पुढे सरकवतो. 'बॉइज से गो'सुद्धा एकदा ऐकलं की पुरे. अकरापैकी अकरा गाणी थोर आहेत असं मी म्हणणार नाही.

पण भावगीताचा निकष इथे लावू नका. हे नाचायचं संगीत आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात कोळीगीत लागलं की मागच्या रांगेतल्या आजीबाई उठायच्या. त्या काय अर्थाला उठायच्या? चाल उठवायची त्यांना. 'जस्ट कान्ट गेट इनफ' ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि सेल्टिक आणि लिव्हरपूल या क्लबांच्या फुटबॉल मैदानांवर हजारो लोकांनी एका सुरात ती चाल गायली आहे. वाद्य नाही, माईक नाही, नुसते गळे. जी ओळ मुळात एका बोटाने वाजवायची म्हणून रचली गेली, तीच गर्दीला गाता येते. कॉर्डांवर उभं केलेलं गाणं असं मैदानात आणता येत नाही.

आणि 'तोरा! तोरा! तोरा!' नीट ऐका. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या वेळी जपानी वैमानिकांनी दिलेला तो संकेत. वीस वर्षांच्या मार्टिनने त्यावर गाणं केलं. शब्द अजून कच्चे आहेत, पण पुढचा माणूस कुठे निघालाय ते दिसतं. विन्स आणि मार्टिन नंतर तीस वर्षांनी पुन्हा एकत्र बसले, २०१२ मध्ये 'व्हीसीएमजी' या नावाने पूर्ण वाद्यसंगीताचा अल्बम काढला. शब्द एकही नाही. दोघांना जोडणारी गोष्ट तीच होती, यंत्रातून ओळ काढणं.

तबकडी

विषय थोडा बाजूला जातोय, पण राहवत नाही. काळी चार यांनी सिक्वेन्सरच्या खुंट्यांचं सांगितलं त्यावरून आठवलं. हे सगळं लंडनला चालू होतं तेव्हाच, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, एकमेकांना जोडून त्यावर दहा राग वाजवले, खाली डिस्कोचा ठेका ठेवून. ते सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक होते. तबकडी एचएमव्हीने काढली, तेव्हा फारशी कुणी विचारली नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले. एकसुरी ओळ आणि राग यांचं नातं सरळ आहे. रागातही कॉर्ड नसते. मोगरा, ही पण ऐका.

मोगरा_२३

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काका, लेबलवर 'सायर'च आहे.

काल रात्री सांगितलंत तसं केलं. दिवे मालवले, 'फोटोग्राफिक' लावलं. अंगावर काटा आला. हे गाणं मी आधी दिवसा, भांडी घासता घासता ऐकलं होतं, तेव्हा निसटलं होतं. मग 'एनी सेकंड नाउ' तीनदा ऐकलं. आणि आता एकेक ओळ सुटी ऐकायचा प्रयत्न करतेय. एक पकडली की दुसरी पळते, पण 'न्यू लाइफ'मध्ये तीन सुट्या झाल्या.

शब्दवेल्हाळ दादा, सक्ती म्हणून नाही ऐकत आहे, खरंच.

पण एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आज मैत्रिणीकडे तिच्या बाबांची तबकडी त्यांच्या प्लेअरवर ऐकली. तेच 'पपेट्स', पण सूर खालचा वाटला आणि डेव्हचा गळा मोठा वाटला. माझ्याकडे तोच गळा पोरगेला वाटतो. अमेरिकन आवृत्तीत गाण्यांचा वेगही बदललाय का?

काळी_चार

नाही, तुझा प्लेअर पळतोय. आता काका म्हणालीस म्हणून 'तू' म्हणतो.

स्वस्तातल्या प्लेअरना हा रोग फार असतो. एक कागदाचा कपटा घे, तबकडीच्या कडेवर चिकटपट्टीने हलकेच लाव, सुई लावून गाणं चालू ठेव आणि फोनवर घड्याळ लाव. मोठी तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. अर्धा सूर चढा असेल तर वेग सुमारे ६ टक्के जास्त असतो, म्हणजे १०६ च्या आसपास भरतील. अर्धा सूर म्हणजे पेटीवर काळी चारचं गाणं पांढरी सहात गेल्यासारखं. गळा लगेच लहान होतो.

प्लेअर उलटा करायच्या आधी तबकडी काढ आणि सुईचा हात बांधून ठेव. खाली मोटरजवळ एक छोटं भोक असतं, त्यात बारीक पेचकस घालून वेग कमी-जास्त करता येतो. बऱ्याच प्लेअरना असतं. अगदी केसभर फिरव, मग पुन्हा मोज. घाई करू नको.

मोगरा_२३

काका, १०६!

पेचकस शेजारच्या दुकानातून आणला. पहिल्या खेपेला जास्त फिरला, ९५ झाले, डेव्ह एकदम म्हातारा झाला. मग मागे, मग पुढे. सहाव्या खेपेला १००. रूममेट कपट्यावर नजर ठेवून मोठ्याने मोजत होती, मी घड्याळ धरलं होतं.

पहिली बाजू पुन्हा सुरुवातीपासून लावलीय. रूममेट म्हणते खालची ओळ ती धरणार, वरची मी.